पहिला मान

पन्हाळा रोव्हर्सची आघाडीची फळी निकामी आहे याबद्दल कोल्हापुरात दोन मतं नव्हती. ज्या गावात गल्लीतल्या स्पीड ब्रेकरच्या उंचीवरून दोन पक्ष पडतात, तिथं असं एकमत होणं ही धोक्याचीच खूण होती.

शहराचा हा एकुलता एक व्यावसायिक क्लब. देशाच्या दुसऱ्या श्रेणीत खेळायचा आणि वरच्या श्रेणीची स्वप्नं बघायचा. जमेच्या बाजूला बरंच होतं: गोलकीपर धडधाकट, बचावाची फळी चिवट, मैदान हिरवं, मालक उतावीळ. पुढं खेळणारे दोघं तर असे, की इतर क्लबांना हेवा वाटावा. तेजपाल कारंडे डावीकडून वाऱ्यासारखा यायचा आणि रणधीर पोवारला गोलपोस्टचा वास लागायचा. पण सामने संपत होते आणि गोल काही होत नव्हते.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तेजपाल चिंचवेस तालमीचा, रणधीर हत्तीखाना तालमीचा. कोल्हापुरात फुटबॉल खेळणारा पोरगा आधी तालमीचा असतो, मग आईबापाचा, आणि काही उरलाच तर क्लबचा. या दोन तालमींचं वैर आज्यांच्या काळापासूनचं. कशावरून पडलं ते कुणालाच आठवत नव्हतं, म्हणून ते पक्कं होतं. कारण आठवत असतं तर एखाद्यानं मिटवलं तरी असतं.

तसे दोघंही सज्जन. एकमेकांना नमस्कार करायचे, बसमध्ये शेजारी बसायचे. फक्त मैदानात तेजपालच्या पायाशी बॉल आला आणि रणधीर मोकळा दिसला, की तेजपालचा पाय एक क्षण थबकायचा. तेवढ्यात कुणीतरी आडवं यायचं. रणधीरचंही तेच. प्रशिक्षक दौलत माने यांनी दोघांना एका खोलीत ठेवलं, शेवटी एका ताटात जेवायला बसवलं. दोघं जेवले, मधे भाताची भिंत ठेवून.

"मुद्दाम करतात का रे हे?" मालकांनी विचारलं.

"मुद्दाम केलं असतं तर कानफाटात दिली असती," माने म्हणाले. "त्यांना स्वतःलाच कळत न्हाई, त्याचं काय करू?"

तेव्हा डॉ. मैथिली केळुसकर आल्या. बाई मूळच्या मालवणच्या, काम मेंदूवर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण फार हुशार आहोत असं वाटावं. त्यांनी दोघांच्या कपाळपट्ट्यांत नाण्याएवढे संवेदक बसवले, काही सराव सामने बघितले आणि मान्यांच्या खोलीत पडद्यावर एक रेघ दाखवली.

"हा तेजपालचा मेंदू. रणधीर मोकळा दिसतो, त्या क्षणी ही रेघ चढायला लागते. म्हणजे पास देण्याची तयारी सुरू झाली."

"सुरू होते?"

"जवळजवळ दर वेळी. तुमचा पोरगा पास देतोच हो. मग शेवटच्या घटकेला रद्द करतो."

मग त्यांनी जे समजावलं ते असं. आपण हात उचलायचा ठरवतो, असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या आधीच मेंदूत त्या हालचालीची विद्युत तयारी सुरू झालेली असते. 'मी ठरवलं' ही जाणीव मागून येते, लग्न लागल्यावर पोचणाऱ्या मामासारखी. शास्त्रज्ञांची यावर अजून भांडणं आहेत. पण एक गोष्ट मापता येते: हालचाल प्रत्यक्ष घडायच्या आधी, सेकंदाच्या साधारण पाचव्या हिश्श्यात, मेंदूला ती थांबवता येते. सुरुवात कुठून होते याचा आपल्याला नीट पत्ता नसतो. नको म्हणणं मात्र आपलं असतं.

"मग तेवढा नकार काढून टाका की," माने म्हणाले.

"काढता येत नाही. त्याच्या आधी पोचता येतं."

मांडीवर बांधायचा एक पट्टा होता. कपाळपट्टीनं तयारीची रेघ चढताना पाहिली, की पट्टा मांडीच्या मज्जातंतूला बारीक झटका द्यायचा. सुरू झालेली लाथ पुरी व्हायची. नकार पोचेपर्यंत बॉल गेलेला असायचा. लीगनं गेल्याच वर्षी असल्या साधनांना परवानगी दिली होती. इतर क्लबही कशाकशाची जुळवाजुळव करत होते.

"धोका?" मान्यांनी विचारलं. ते विचारायचं असतं म्हणून.

"एकाच माणसाला सतत लावला तर आहे," मैथिलीबाई म्हणाल्या. "ज्या कारकुनाची सही न घेताच फायली पुढं जातात, तो कारकून हळूहळू कचेरीत यायचा बंद होतो. म्हणून आलटून पालटून. एका सामन्याला तेजपाल, पुढच्याला रणधीर. मधल्या दिवसांत नकार परत जागेवर येईल."

योजना चोख होती. बाईंनी मेंदूचा सगळा विचार केला होता. कोल्हापूरचा राहिला होता.

पट्टा पहिल्यांदा दोघांतल्या एकालाच लावणार, ही बातमी फुटली आणि दोन्ही तालमी जाग्या झाल्या. चिंचवेशीचे अध्यक्ष तात्या शेळके माणसं घेऊन क्लबवर आले. "पहिला मान आमचा. पालखीला पहिला खांदा चिंचवेशीचा असतो, गावाला ठाऊक हाय." हत्तीखान्याचे लोक दुपारी आले. त्यांच्या मते पालखी वेगळी आणि मशीन वेगळं. कुणाच्या मेंदूवर प्रयोग आधी व्हावा, यासाठी दोन जमाव फाटकाशी घसा फोडत उभे होते आणि मैथिलीबाई खिडकीतून बघत होत्या. त्यांना वाटलं होतं, आपल्याला खेळाडूंची मनधरणी करावी लागेल.

मालकांनी चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी चिंचवेशीची निघाली. तालमीत गुलाल उडाला, चौकात तेजपालचा मोठा फलक लागला: 'जगातला पहिला'. हत्तीखान्यानं निरोप धाडला, "दुसरा मान आम्ही घेत न्हाई. आमचा पोरगा पट्टा लावणार न्हाई."

"म्हणजे सगळा भार एकट्यावर," मैथिलीबाई मान्यांना म्हणाल्या.

"मग काय, बंद करायचं?"

बाईंनी पडद्यावरच्या रेघेकडे बघितलं. त्यांना मोजमाप हवं होतं, मोठ्या मैदानावरचं, खऱ्या सामन्यातलं. "एक सीझन बघू," त्या म्हणाल्या. पुढचा दोष कशाच्या नावे टाकायचा झाला तर या वाक्याच्या टाकावा.

पट्ट्यानं काम केलं. नुसतं केलं नाही, डोळे दिपवले. तेजपाल डावीकडून यायचा, मान वर व्हायची आणि बॉल रणधीरच्या पायात. समोरच्या बचावाला वाचायला काही उरतच नव्हतं. जिथं विचार दिसत नाही तिथं आडवं काय येणार? रणधीर गोलामागून गोल करत सुटला. क्लब तळातून वर सरकला.

चिंचवेशीचा चेहरा मात्र आंबट होत गेला. मान आपला, पोरगा आपला, आणि गुलाल हत्तीखान्यात. तात्या शेळके स्टँडमध्ये पुटपुटले, "आमची गाय, दूध त्यांचं." पण मान मागून घेतलेला. आता परत कसा करणार?

रणधीरला त्यात मजा होती. सरावात एकदा तेजपालनं त्याला सुरेख पास दिला आणि त्याच दमात म्हणाला, "तुझा डावा पाय नुसता शोभेचा हाय. उजव्यानं मारशील तवा लागंल."

सगळे थबकले. तेजपाल असं कधी बोलायचा नाही.

"बॉल दिलास आणि शिवी पण दिलीस," रणधीर म्हणाला. "हिशोब फिटला." आणि हसला. तेजपाल हसला नाही. त्याच्या तोंडावर असा भाव होता, जणू ते वाक्य त्यानंही आत्ताच ऐकलं.

घरी प्रणोतीच्या ते आधीच ध्यानात आलं होतं. ती तेजपालची बायको, शाळेत भूगोल शिकवायची, आणि नवऱ्याच्या गप्प बसण्यावर जीव असलेली. तोच नवरा आता भाजी खारट झाली तर घास तोंडात असतानाच सांगायचा. तिच्या भावाला दारातच म्हणाला, "तू आलास की काय तरी मागायलाच येतोस." खरं होतं. पण खरं असलं म्हणून दारात कुठं बोलायचं असतं?

"अहो, असं का बोललात?"

"थांबवायचं होतं. थांबलं न्हाई."

तिनं तेवढ्यावर सोडलं. संसारात नवराबायकोनं एकमेकांच्या खात्यातून असल्या गोष्टी वगळायच्या असतात. नाहीतर खातं कधीच जुळत नाही.

पण घरात आबा होते.

आबा म्हणजे तेजपालचे वडील. एके काळचे चिंचवेशीचे सेंटर फॉरवर्ड, हेडरसाठी, म्हणजे डोक्यानं बॉल मारण्यासाठी, प्रसिद्ध. त्या हेडरांनीच की वयानं कोण जाणे, आता डोक्यातलं एकेक पान गळत चाललं होतं. तेजपालची आई तीन वर्षांपूर्वी गेली. आबांना ते माहीत नव्हतं, म्हणजे माहीत होऊन पुसलं गेलं होतं. रोज दिवेलागणीला ते कॉटवर उठून बसायचे आणि विचारायचे, "तेजू, आई आली का रे देवळातनं?"

"येतेय, आबा. आरतीला थांबलीय."

"बरं," म्हणायचे आणि शांतपणे जेवायचे. दुसऱ्या कुणी सांगितलं तर पटायचं नाही. प्रणोतीनं सांगितलं तर म्हणायचे, "तेजूला बोलाव." त्यामुळं सामना नसेल त्या दिवशी तेजपाल काहीही करून दिवे लागायच्या आत घरी यायचा, आणि परगावी असला तर फोनवरून सांगायचा. ते एक खोटं बोलणं, हेच त्याचं बापाशी उरलेलं सगळं नातं होतं. आणि ते तो फार निगुतीनं सांभाळायचा.

त्या दिवशी आबांनी विचारलं, "आई आली का रे?"

"आई गेली, आबा. मेली ती."

प्रणोती स्वयंपाकघरातून धावत आली तेव्हा आबा मुलाकडे बघत होते. "कधी?" त्यांनी विचारलं. मग दुसरं काही विचारलं नाही. भिंतीकडे तोंड करून, दटावलेली पोरं रडतात तसे, आवाज न करता रडले. प्रणोतीनं पाठीवरून हात फिरवला. तेजपाल दोन्ही हातांनी तोंड दाबून उंबऱ्यात उभा होता.

जेवण होईपर्यंत आबा सगळं विसरले. ताट सरकवून हात धुतले आणि तेजपालकडे बघून हसले. "अजून कशी आली न्हाई ही?"

हात तोंडावरच होते. शब्द बोटांतून आले. "मेली, आबा."

एक माणूस एका संध्याकाळी दोनदा विधुर झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मैथिलीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पट्टा मांडीला होता, जिभेला नव्हता. मग हे कसं, असं प्रणोतीनं विचारलं.

"नकार पायाचा वेगळा आणि जिभेचा वेगळा, असं मेंदूत फार कमी आहे," बाई म्हणाल्या. "थांबवणारी जागा बहुतांशी एकच. आम्ही तिला सारखं उशिरा पोचायला शिकवलं. आता तिनं यायचंच सोडलंय. सांभाळून बोलणं म्हणजे काय? पहिलं वाक्य गिळायचं आणि दुसरं बोलायचं. याचं पहिलंच बाहेर येतं."

"परत येईल?"

"आज थांबलात तर बहुधा. आणखी ताण दिलात तर मला सांगता येणार नाही."

राहिला होता फक्त वरच्या श्रेणीत जायचा शेवटचा सामना. नवराबायकोनं घरी ठरवलं, नाही म्हणायचं. प्रणोतीनं त्याला समोर बसवून तालीम घेतली. ती विचारायची, तो डोळे मिटून "नाही" म्हणायचा. घरात जमत होतं; तिथं प्रश्न खरा नव्हता.

मान्यांच्या खोलीत मालक होते, मैथिलीबाई होत्या, तात्या शेळकेही येऊन बसले होते. मान्यांनी तेजपालच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय तेजू, खेळतोस न्हवं?"

"हो."

तो स्वतःच दचकला. लहानपणापासून जेव्हा जेव्हा कुणी हा प्रश्न विचारला होता, तेव्हा तेव्हा आतून हेच उत्तर पहिलं आलं होतं. 'नाही' हे दुसरं वाक्य होतं, आणि दुसऱ्या वाक्यापर्यंत तो आता पोचत नव्हता.

"सर, त्यांना नाही म्हणायचंय," प्रणोती म्हणाली.

"मग म्हणू दे की त्यानं," माने म्हणाले. "तेजू, कुणाची जबरदस्ती न्हाई. पट्टा लावून खेळणार का?"

"हो," तेजपाल म्हणाला आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"बघा, पोराला भरून आलंय," तात्या शेळके म्हणाले. "मान राखला."

संमती ध्वनिमुद्रित करायचा नियम होता, तशी ती झाली. मैथिलीबाईंना काय घडलं ते खोलीत सगळ्यांत जास्त कळलं होतं. त्या ध्वनिमुद्रणाच्या मशीनकडे बघत राहिल्या. ज्याला नकार देता येत नाही त्याचा होकार कशात धरायचा, हा प्रश्न त्यांनी पुढं एका परिषदेत फार चांगला मांडला, असं म्हणतात.

सामना रोव्हर्सनी जिंकला, आणि त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पास तेजपालचे, गोल रणधीरचे. सांगण्यासारखं घडलं ते अगदी शेवटी, निकाल पक्का झाल्यावर, शेवटची शिट्टी व्हायच्या आत. तेजपाल एकटा पुढं निसटला. गोलकीपर पडलेला, गोल उघडा. अख्खी चिंचवेस उभी राहिली. सीझनभर वाट बघितलेला त्यांचा गोल समोर होता. शेजारून रणधीर धावत होता. तेजपालच्या पायानं बॉल रणधीरला दिला.

रणधीरनं बॉल थांबवला. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक. त्यानं तो परत तेजपालकडे सरकवला. हत्तीखान्याच्या पोरानं चिंचवेशीच्या पोराला आयुष्यात दिलेला तो पहिला पास.

तेजपालच्या पायानं तो परत दिला.

रणधीरनं पुन्हा त्याला दिला. "मार की लेका," तो म्हणाला. पुन्हा बॉल त्याच्याकडे आला. उघड्या गोलसमोर दोघं बॉल इकडून तिकडं ढकलत राहिले आणि स्टेडियम हसायला लागलं. आधी हत्तीखाना हसला, मग सगळेच. रणधीरही हसत होता, तेजपालच्या तोंडाकडे लक्ष जाईपर्यंत. मग त्यानं बॉल उचलून मैदानाबाहेर भिरकावून दिला.

पट्टा निघाला. महिने गेले. नकार थोडा थोडा परत आला: गरम चहाच्या कपाला हात लावताना, रस्ता ओलांडताना. जिभेपर्यंत आला नाही. क्लबनं नवा फॉरवर्ड आणला, बंगळूरचा, कुठल्याच तालमीचा नसलेला. पट्टा पुढं बराच चालला. फुटबॉलपेक्षा विमा आणि फ्लॅट विकणाऱ्या कंपन्यांनी तो उचलला. त्यांच्या विक्री करणाऱ्या पोरांचा संकोच जातो म्हणे. घरोघरी लोक एकमेकांना काय बोलून बसले याचा आकडा कुणी काढला नाही.

तेजपाल तालमीच्या माडीवर राहायला गेला. घरी राहायचं म्हणजे रोज बापाला मारायचं. आबा दिवेलागणीला विचारत राहिले आणि तेजू नाही म्हणून जेवेनासे झाले. फोन लावायचा म्हटलं तर जीभ तीच. प्रणोती सांगायची ते त्यांना पटायचं नाही. आबांच्या गालाची हाडं वर आली.

रणधीर घरी आला तो क्लबचा काही निरोप घेऊन. अंगावर रोव्हर्सचं जॅकेट, दारात संध्याकाळचा अर्धा उजेड. आबा कॉटवर उठून बसले.

"तेजू, आलास व्हय?"

रणधीरनं प्रणोतीकडे बघितलं. माणसाच्या चेहऱ्यावर एखादी गोष्ट येते, आणि ती तिथंच आवरली जाते, हे तिनं कितीतरी दिवसांनी बघितलं.

"आलो, आबा," तो म्हणाला.

"आई आली का रे?"

हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो क्षणभर थांबला. "यायला लागलीय," म्हणाला. "वाटेत कुणीतरी भेटलं असंल."

"तिचं हे असंच," आबा म्हणाले आणि जेवायला मागितलं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. मोटरसायकल दोन गल्ल्या पलीकडे लावायचा. हत्तीखान्याला कळलं असतं तर त्याला तिथं राहता आलं नसतं. आबांना भरवायचा, जुन्या सामन्यांच्या गोष्टी ऐकायचा. त्यांत हत्तीखान्याचे लोक रडीचे, घाणेरडे आणि पळपुटे असायचे, आणि तो हुंकार भरायचा.

प्रणोतीनं तेजपालला सांगितलं. त्याच्या तोंडून निघालं, "माझी जागा घेतली त्यानं." मग म्हणाला, "जेवतात का?" जेवतात, ती म्हणाली.

एका संध्याकाळी त्याला राहवलं नाही. तो बोळातून येऊन खिडकीखाली उभा राहिला. आत वाटीत चमचा वाजत होता.

"एक सांगू, तेजू?" आबांचा आवाज आला. "लई दिवस मनात हाय."

"सांगा की."

"तुझ्या टीममधी त्यो हत्तीखान्याचा पोरगा हाय न्हवं, पोवाराचा? त्याला बॉल देत जाऊ नगंस. ती माणसं आपली न्हवंत. गोड बोलून घरात घुसतील."

चमचा थांबला.

"नाही देत, आबा," रणधीर म्हणाला. "घ्या, एवढा घास घ्या."

तेजपालच्या आत वाक्य उठलं. आबा, त्योच तुम्हाला भरवतोय. मी हितं बाहेर हाय. ते थांबणार नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण ते खिडकीपासून लांब नेता येत होतं, पाय अजून चांगले होते. तो वळला आणि पळत सुटला. बोळ, चौक, बंद पिठाची गिरणी, तालमीचं फाटक मागं टाकत, शहरातल्या सगळ्यात वेगवान डावीकडच्या खेळाडूसारखा. पळताना बोलायला श्वास उरत नव्हता; वाक्य तोंडातून सुटलं तेव्हा तो पार नदीच्या उताराला लागला होता. तिथं त्यानं ते मोठ्यानं, पुरतं बोलून टाकलं.

मग दम खात उभा राहिला. घाटावर कपडे पिळणाऱ्या एका बाईनं विचारलं, "काय झालं, भाऊ?"

तिला तो सगळं सांगत बसला.